रिष्टर यांचा ‘फ्रीडरिश’ : मैत्री आणि साक्ष

हान्स पेटर रिष्टर यांची ‘दामाल्स वार एस फ्रीडरिश’ (तेव्हा तो फ्रीडरिश होता) ही किशोरांसाठी लिहिलेली जर्मन कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जेरुसलेम येथे आइकमनवरील खटला चालू होता. जर्मनीतील पुष्कळ घरांत मात्र वडीलधारी मंडळी नाझी राजवटीविषयी मुलांशी बोलणे टाळीत असत.

रिष्टर यांचा जन्म कोलोन येथे १९२५ मध्ये झाला. कादंबरीतील दोन्ही मुलेही त्याच वर्षी जन्मलेली. एकाच इमारतीत ती वाढतात. निवेदकाला नाव नाही. त्याचे वडील बेकार, तर फ्रीडरिशचे वडील श्नायडर हे टपाल खात्यात नोकरीस. १९३३ नंतर पारडे फिरते. ज्यू असल्यामुळे श्नायडर यांची नोकरी जाते. निवेदकाचे वडील नाझी पक्षात शिरतात आणि त्यांना काम मिळते. हे गृहस्थ दुष्ट नाहीत. देश सोडा, असे ते श्नायडर यांना कळकळीने सांगतात. विसाव्या शतकात फार वाईट काही घडणार नाही, या विश्वासावर श्नायडर थांबतात.

प्रत्येक प्रकरणाच्या शीर्षकापाशी वर्ष दिले आहे आणि अखेरीस ज्यूंविरुद्धच्या कायद्यांचा कालपट जोडला आहे. त्यामुळे कायद्याचे एकेक कलम मुलांच्या जगात कसे उतरते, हे वाचकाला दिसते. पोहण्याच्या तलावावर अपमान होतो, बागेतल्या बाकावर बसण्याची चोरी होते.

कादंबरीचे मर्म नोव्हेंबर १९३८ च्या प्रकरणात आहे. त्या दिवशी ज्यू शिकाऊ मुलांच्या वसतिगृहाची मोडतोड चालली असता निवेदक प्रथम नुसता पाहतो. मग हातोडा हाती घेतो आणि फोडण्यात त्याला आनंद वाटू लागतो. घरी परततो, तो जमाव श्नायडर यांच्याच घरात शिरलेला. त्या हल्ल्यानंतर फ्रीडरिशची आई दगावते. निवेदकाला केवळ हळहळणारा मित्र ठेवणे लेखकाला सोपे होते; बालवाङ्मयात, आपल्याकडीलही, ही सोय सहसा सोडली जात नाही. रिष्टर यांनी ती सोडली, म्हणूनच या पुस्तकाची साक्ष विश्वसनीय ठरते. ज्यू कुटुंबाचे चित्रण काहीसे ठरीव साच्याचे आहे, हा आक्षेप मात्र अगदीच दूर सारता येत नाही.

वडिलांना १९४१ मध्ये अटक झाल्यावर फ्रीडरिश एकाकी होतो. १९४२ मधील बाँबहल्ल्यात तो तळघराचे दार ठोठावतो. घरमालक रेश हाच तेथील हवाई संरक्षणाचा रखवालदार. तो त्याला आत घेत नाही. आतल्या काहींना कळवळा येतो. पण रेशच्या धमकीपुढे सारे गप्प बसतात. त्यांत निवेदकाचे आईवडीलही असतात. हल्ला संपल्यावर फ्रीडरिश दाराबाहेरच्या पायरीवर मृतावस्थेत सापडतो.

एडिट क्रोल यांच्या इंग्रजी अनुवादाला १९७२ मध्ये अमेरिकेतील बॅचेल्डर पुरस्कार मिळाला. रिष्टर स्वतः मात्र या विषयापाशी पुन्हा वळले होते. हिटलरच्या युवक संघटनेतील मुलांविषयी त्यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचे नाव आहे ‘वीर वारेन दाबाय’, म्हणजे ‘आम्हीही त्यात होतो’.