भाकरी, हळद आणि आमचा दादा

मंडळी, गेल्या येळवशीला शेतात भज्जी-आंबील खात बसलो होतो. पुण्याहून आलेला नातू म्हणाला, "आबा, एवढं सकस खाणारी माणसं आपण. आपल्याला कशाला होतोय आतड्याचा कॅन्सर?" मी काहीच बोललो नाही. आज लिहितो.

हा समज अगदीच पोकळ नाही. डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात बरीच वर्षं होते. तिथल्या खेडुतांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर जवळजवळ दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७१ साली त्यांनी मांडलं की, याचं कारण कोंड्यासकट धान्य आणि भरपूर चोथा. आपल्याकडे १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम हे सगळे ज्वारीचे तालुके. तिथेही या कॅन्सरचं प्रमाण मुंबईहून कमी, आणि अमेरिकेच्या मानाने तर फारच कमी आढळलं.

चोथा पोटात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू त्याच्यापासून ब्युटिरेट तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसतात. आहे की नाही गंमत? पण २००० साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या प्रयोगांत चोथा वाढवूनही आतड्यातल्या गाठी पुन्हा होण्याचं प्रमाण घटलं नाही. उलट २००३ साली युरोपातल्या दहा देशांच्या पाहणीत, जास्त चोथा खाणाऱ्यांत हा कॅन्सर कमी दिसला. म्हणजे भाकरीने धोका कमी होत असावा, पण ती काही चिलखत नव्हे.

आता हळद. तिच्यातलं कर्क्युमिन १८१५ सालीच वेगळं काढलं गेलं. १९९७ साली हळदीचं अमेरिकेतलं पेटंट रद्द झालं तेव्हा मी वर्गात मुलांना अभिमानाने सांगितलं होतं. पण ते पेटंट जखम भरण्याबद्दल होतं, हे सांगायचं राहिलं! प्रयोगशाळेत कर्क्युमिन कॅन्सरच्या पेशींना रोखतं, हे खरं. मात्र पोटातून ते रक्तात फारच थोडं जातं, आणि हळद खाऊन माणसाचा कॅन्सर टळतो असं अजून सिद्ध झालेलं नाही.

आमचा दादा १९९३च्या भूकंपातून वाचला. जन्मभर ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी खाल्ली. शौचातून रक्त जाऊ लागलं तेव्हा आम्ही सगळ्यांनीच ठरवून टाकलं, मूळव्याध असेल. वर्षभर ताक आणि हळद चालू होती. "आपल्या जेवणानं असलं काही होत नसतंय," असं त्याला सांगणारा मीच होतो. तपासणी झाली तोवर रोग यकृतापर्यंत पोचला होता. २०११ साली तो गेला.

त्यानंतर मी दुर्बिणीने तपासून घेतलं. एक गाठ निघाली, तिथल्या तिथे काढली. अशीच गाठ पुढे कॅन्सर होऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हा पोरांनो, भाकरी सोडू नका. आपल्या शिवारात सोयाबीन आलं, ज्वारी मागे पडली, तरी ताटात ती राहू द्या. पण रक्त दिसलं तर हळदीवर थांबू नका. आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला आहे, त्यांनी चाळिशीपासूनच डॉक्टरांना तपासणीबद्दल विचारावं. दादाच्या मुलांनो, हे खास तुमच्यासाठी.

असो. नातवाला उत्तर मिळालं असेल.