गावराखे वीर : कोल्हापूरचे वीरगळ

१/४
मध्य आफ्रिकेतील फांग लोक पूर्वजांच्या अस्थिपेटीवर राखणीसाठी लाकडी मूर्ती बसवत. पुढे संग्राहकांनी मूर्ती युरोपात नेल्या. अस्थी मागेच राहिल्या. कोल्हापूर परिसरात वीर पूर्वजाचे स्मरण दगडात कोरले गेले, तोच वीरगळ.

२/४
करवीर तालुक्यातील बीड गावी असे अनेक वीरगळ आहेत. वीरगळ खालून वर वाचावा : तळाशी लढाई व वीराचा मृत्यू, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावरील चंद्र-सूर्य चिरस्मृतीची खूण.

३/४
तळाच्या चौकटीत गायी असतील, तर तो गोधन राखताना पडला, असे मानतात.

४/४
महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर नाव नसते. त्यामुळे शिळा जागेवरून हलली, की तो वीर कोणत्या गावासाठी लढला हे सांगणारा पुरावाही हरवतो. त्याने गाव राखले. आता गावाने त्याची शिळा राखावी.