युद्धपटावरची जमीन : वॉटर्लूच्या प्रतिकृतीतून इतिहास वाचताना

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या ऐतिहासिक युद्धखेळाला तीन गोष्टी लागतात: छोटे सैनिक, नियमांचे पुस्तक आणि जमीन. सैनिक आणि नियम विकत मिळतात. जमीनही मिळते, पण मुरलेले खेळाडू ती शक्यतो स्वतःच घडवतात. थर्माकोल, पुठ्ठा, वाळू, भुसा, डिंक जे हाताशी असेल त्यातून. या टिपणात आपण फक्त या जमिनीचाच विचार करणार आहोत. तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी असाल तर हा विषय पोरखेळ वाटेल आणि अभियांत्रिकीचे असाल तर परीक्षेबाहेरचा. तरीही वाचा.

"सैन्य टेकडीआड उभे होते" असे वाक्य पुस्तकात सहज लिहिता येते. टेकडी किती उंच, उतार किती तीव्र, समोरच्या शत्रूला नेमके काय दिसत होते, यातले काहीही न सांगता ते वाक्य पुरे होते. तीच टेकडी थर्माकोलमधून कापायला बसा. सुरी चालवण्याआधी उंचीचा एक आकडा तुम्हाला ठरवावाच लागतो. प्रतिकृती करणाऱ्याला गुळमुळीत उत्तर देता येत नाही, आणि म्हणूनच त्याला पडणारे प्रश्न इतिहासकाराच्या कामाचे असतात.

महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकांनी हे काम लहानपणी केलेलेच आहे. इतर प्रांतांतील वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे दिवाळीत मुले अंगणात दगड, विटा, माती आणि जुनी पोती घेऊन किल्ला करतात, उतारावर अळीव पेरून हिरवळ उगवतात आणि मातीचे मावळे मांडतात. सिंहासनावरचे शिवाजी महाराज किल्ल्याच्या महादरवाज्यापेक्षा उंच असतात. त्याला कोणी हरकत घेत नाही. का घेत नाही, ते पुढच्या हिशेबात येईल.

युरोपात या कामाची सुरुवात दरबारी गरजेतून झाली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी त्याचा युद्धमंत्री लुव्हा याने १६६८ पासून तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, १:६०० प्रमाणात, लाकूड, कागद, रेशीम आणि वाळू वापरून. त्या खेळासाठी नव्हत्या. वेढ्याची आखणी दरबारात बसून करता यावी म्हणून होत्या. खेळ आला प्रशियात. बॅरन फॉन राइस्विट्झ याने १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक टेबल भेट दिले. टेबलाच्या खणांत प्लास्टरच्या रंगवलेल्या चौकोनी फरशा होत्या, कुठे नदी, कुठे रस्ता, कुठे चढ. हव्या तशा जुळवून दरवेळी नवे रणांगण तयार करता येई. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये फरशा सोडून १:८००० चे नकाशे वापरले आणि तो खेळ प्रशियाच्या सैन्याधिकाऱ्यांपर्यंत पोचवला. त्याची शिफारस करणारा सेनाप्रमुख म्हणजे जनरल म्युफ्लिंग. हे नाव लक्षात ठेवा. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या वेळी वेलिंग्टनच्या मुख्यालयात प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून हाच माणूस होता.

आता ज्या माणसासाठी हे टिपण लिहायला घेतले त्याच्याकडे येऊ. विल्यम सायबॉर्न हा ब्रिटिश सैन्यातला लेफ्टनंट. वॉटर्लूच्या लढाईत तो नव्हता. पण भूमापन आणि आरेखन हा त्याचा विषय होता, आणि १८२७ मध्ये त्याने त्यावर पुस्तकही लिहिले होते. १८३० मध्ये सरसेनापती लॉर्ड हिल याने त्याला वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती करण्याचे काम दिले. सायबॉर्न बेल्जियमला गेला, रणांगणाच्या मधोमध असलेल्या ला हाय सेंत या शेतवाडीत सुमारे आठ महिने राहिला आणि जमीन मोजली.

इथे पहिली अडचण पाहा. लढाईला पंधरा वर्षे झाली होती आणि जमीन जागेवर राहिली नव्हती. १८२० ते १८२६ या काळात तिथे सिंहाचे स्मारक उभे राहिले: सुमारे ४० मीटर उंचीचा मातीचा शंकू आणि वर लोखंडी सिंह. त्यासाठी लागलेली सुमारे ३ लाख घनमीटर माती त्याच टेकाडाची पाठ खरवडून आणली होती, ज्याच्या आधाराने वेलिंग्टनचे सैन्य उभे होते. म्हणजे विजयाचे स्मारक उभारताना विजयाचे भौतिक कारणच खणून काढले गेले. माती उचलण्याची कंत्राटे अशीच निघतात. पुरातत्त्वाला कोण विचारतो? सायबॉर्नला त्यामुळे दोन गोष्टी कराव्या लागल्या: समोर दिसते ते मोजणे आणि समोर नाही ते माणसांच्या आठवणीतून भरून काढणे.

आठवणींसाठी त्याने लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना छापील पत्रे पाठवली, सोबत नकाशा. संध्याकाळी सुमारे सात वाजता, नेपोलियनचे शाही रक्षकदल चाल करून आले तेव्हा, तुमची तुकडी कुठे आणि कोणत्या रचनेत होती? समोर शत्रूची रचना कशी होती? आणि पुढचा प्रश्न माझा आवडता: तुमच्या समोरच्या शेतात पीक कोणते होते? युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्याला हा प्रश्न सहसा सुचत नाही. रंगाचा डबा उघडून बसलेल्याला सुचतो, कारण शेत कोणत्या रंगात रंगवायचे हे त्याला ठरवायचे असते. आणि पिकाला महत्त्व होतेच. जून महिना होता, राय नावाचे धान्य माणसाच्या छातीखांद्यापर्यंत वाढलेले होते, त्यात पायदळ दिसेनासे होई. दिवस चढला तसे ते हजारो पायांखाली आडवे झाले. शेकडो उत्तरे आली. सायबॉर्नच्या मुलाने त्यांतली निवडक पत्रे १८९१ मध्ये प्रसिद्ध केली. वॉटर्लूवर लिहिणारा कोणीही आज त्यांना टाळून पुढे जाऊ शकत नाही. एका प्रतिकृतीच्या गरजेतून निर्माण झालेले हे साधन आहे.

१८३८ मध्ये प्रतिकृती लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये लोकांना दाखवली गेली. प्रत्येक बाजू साधारण ६ मीटर. प्रमाण एका मैलाला ९ फूट. मैलात ५,२८० फूट, म्हणजे सुमारे १:५८७. या प्रमाणात १७० सेंटिमीटरचा माणूस जेमतेम ३ मिलिमीटरचा होतो. सायबॉर्नचे कथिल-शिशाचे सैनिक साधारण एक सेंटिमीटर उंच आहेत आणि ते ७०,००० हून जास्त आहेत. जमीन एका प्रमाणात आणि माणसे दुसऱ्या! दिवाळीच्या किल्ल्यावरचा नियम इथेही लागू झाला: जे पाहायचे आहे ते मोठे करावे लागते.

तुम्ही स्वतः वॉटर्लू करायला घेतलेत तर हाच प्रश्न जास्त तीव्रतेने पडेल. हिशेब करून पाहू. साधे टेबल धरा, ६ फूट बाय ४ फूट, म्हणजे १८० सेंटिमीटर लांब. वेलिंग्टनची आघाडी सुमारे ४ किलोमीटर. प्रमाण आले सुमारे १:२२००. समोरासमोरच्या दोन टेकाडांतले अंतर १३०० मीटर धरले तर टेबलावर ते ५९ सेंटिमीटर होईल. टेकाड दरीपासून २० मीटर उंच धरले तर टेबलावर ९ मिलिमीटर. वहीच्या पुठ्ठ्याचे चार-पाच थर! आपल्याकडच्या १:५०,००० च्या स्थलदर्शक नकाशावर समोच्च रेषांमधले अंतर साधारणपणे २० मीटर असते. तिथे या टेकाडाला एखादी रेषा मिळेल, कदाचित तीही नाही. ज्या उंचवट्याने युरोपचा निकाल लागला तो नकाशात हरवण्याइतका छोटा होता.

म्हणून उंची तिपटीने वाढवतात. ९ चे २७ मिलिमीटर झाले की २५ मिलिमीटरची थर्माकोलची एक शीट नेमकी बसते. (तिच्यावर स्प्रेचा रंग थेट मारू नका, थर्माकोल वितळतो. पांढऱ्या डिंकात कालवलेली बारीक वाळू आधी लावून घ्या. गरम तारेने कापणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवा.) पुढचा उतार लांब आणि सौम्य ठेवा, माथ्यामागचा उतार विसरू नका, कारण वेलिंग्टनने बरेचसे सैन्य तिथेच ठेवले होते, फ्रेंच तोफांच्या नजरेआड. टेबलाभोवती उभे राहणारे खेळाडू सगळे वरून पाहतात, त्यामुळे हा आडोसा त्यांना आडोसा वाटतच नाही. यावर सोपा उपाय: मोबाइल फ्रेंच तोफेच्या जागी आडवा ठेवून फोटो काढा. माथ्यामागचे सैनिक दिसले तर तुमचे टेकाड चुकले आहे.

घरांचा हिशेब तर हसूच आणतो. ६० मीटर लांबीची शेतवाडी १:२२०० ला २७ मिलिमीटर होते. पण १५ मिलिमीटरचे सैनिक वापरले तर त्यांचे स्वतःचे प्रमाण साधारण १:११० पडते, आणि त्या मापाने तीच वाडी ५५ सेंटिमीटर. म्हणजे एका टेकाडापासून दुसऱ्यापर्यंतची सगळी दरी एका घराने भरली! त्यामुळे करणारे लोक मधला मार्ग काढतात: आठ-दहा सेंटिमीटरची वाडी, एक कौलारू घर, एक कोठार, एक भिंत. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हा निर्णय इथे होतो, आणि तो सुरीचा नसून इतिहासाचा असतो.

ला हाय सेंतचेच उदाहरण घ्या. मेजर बेअरिंगच्या हाताखाली किंग्ज जर्मन लीजनचे सुमारे ४०० शिपाई ती वाडी राखत होते. आदल्या रात्री धो धो पाऊस पडत होता आणि सैनिकांनी कोठाराचे मोठे दार शेकोटीसाठी फोडून जाळले. दुसऱ्या दिवशी त्याच उघड्या तोंडावर फ्रेंच पुन्हा पुन्हा तुटून पडले. संध्याकाळी दारूगोळा संपला आणि वाडी पडली. तुमच्या छोट्या वाडीला सुबक लाकडी दार लावलेत, तर ती दिसायला सुंदर होईल आणि १८ जून १८१५ ची मात्र राहणार नाही. दार लावू नका. तसेच त्या पावसाचेही आहे: ओल्या जमिनीमुळे नेपोलियनने हल्ला दुपारपर्यंत लांबवला, तेव्हा रस्त्यांच्या चाकोऱ्यांत चकचकीत वार्निशचा हात फिरवणे ही निव्वळ सजावट नाही. उभ्या रायच्या शेतासाठी काथ्याचे पायपुसणे कापून लावतात. सात वाजताचे दृश्य करायचे असेल तर तेच कात्रीने वेडेवाकडे छाटून दाबून टाका.

वेळ कोणती निवडायची, या प्रश्नाने सायबॉर्नला मात्र महागात पाडले. प्रतिकृतीत एकच क्षण गोठवता येतो. त्याने सात वाजताचा निवडला, म्हणजे मग त्या क्षणी रणांगणावर असलेले सगळेच मांडायला हवेत. प्रशियन सैन्य दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्वेकडच्या जंगलातून बाहेर पडले होते आणि संध्याकाळी फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर प्लांसन्वा गावात झुंजत होते. सायबॉर्नने बर्लिनहूनही माहिती मागवली आणि मिळालेल्या माहितीप्रमाणे हजारो प्रशियन सैनिक मांडले. वेलिंग्टनच्या बाजूने आलेला आक्षेप असा होता, की हे पाहणाऱ्याला विजयाचे श्रेय ब्रिटिश शौर्यापेक्षा प्रशियनांच्या बगलेवरच्या चालीला द्यावेसे वाटेल. लढाईनंतरच्या आपल्या अधिकृत अहवालात मात्र स्वतः वेलिंग्टनने प्रशियनांच्या मदतीचे ऋण मोकळेपणाने मान्य केलेले होते. वाक्यात मान्य करणे सोपे होते. हजारो सैनिक डोळ्यांसमोर रांगेने उभे दिसले की गोष्ट वेगळी होते.

सरकारने पैसे देणे मध्येच थांबवले होते, त्यामुळे सायबॉर्न कर्जात होता. प्रदर्शनाला सुमारे एक लाख लोक येऊनही त्याचा खर्च भरून निघाला नाही. पुढे त्याने आपल्या प्रतिकृतीतले बरेच प्रशियन काढून टाकले आणि त्यांच्या जागेबाबत चूक झाल्याचे मान्य केले. दबावामुळे की नव्या पुराव्यामुळे, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पीटर हॉफश्रॉअर याने २००४ च्या पुस्तकात दबावाची बाजू जोरात मांडली, इतरांना ती पटलेली नाही. माझे मत विचाराल तर दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात. कर्जदाराला नवा पुरावा लवकर पटतो.

सायबॉर्न १८४९ मध्ये वारला. मोठी प्रतिकृती आता लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयात आहे. त्याने दुसरीही एक केली होती, १:१८० प्रमाणाची, ती लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. तिच्यात रणांगणाचा लहानसाच भाग आहे आणि क्षण निवडला आहे तो दुपारी दोनच्या सुमाराचा, ब्रिटिश घोडदळाच्या हल्ल्याचा. त्या वेळी प्रशियन अजून रणांगणावर पोचलेलेच नव्हते.