चांगला चहा कुठे गेला? पोर्ट्समथच्या बंदरापासून चहाच्या पिशवीपर्यंत

मे १६६२. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरात उतरली. दुसऱ्या चार्ल्सशी झालेल्या तिच्या विवाहाच्या करारात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले, हे सर्वश्रुत आहे. त्याच आगमनाची दुसरी एक आख्यायिका मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. वादळी प्रवासाने थकलेल्या राजकन्येने उतरताच एक पेला चहा मागितला. बंदरात चहा कुठेच मिळेना, तेव्हा तिच्यासमोर बार्लीच्या मद्याचा पेला ठेवण्यात आला.

आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्या मागची परिस्थिती खरी आहे. मकाव पोर्तुगीजांच्या ताब्यात असल्यामुळे लिस्बनच्या राजघराण्याला चहा परिचयाचा होता. इंग्लंडमध्ये तो दुर्मीळ होता. ‘कॅथरीनने इंग्लंडला चहा शिकवला’ असे विधान अनेकदा वाचायला मिळते. ते बरोबर नाही. लंडनच्या कॉफीगृहांत चहा आधीच विकला जात होता आणि सॅम्युएल पीप्स याने सप्टेंबर १६६० मध्ये चहा मागवून प्यायल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. कॅथरीनने चहाला दरबारी प्रतिष्ठा दिली, एवढे म्हणता येते. कवी एडमंड वॉलरने तिच्या आणि चहाच्या स्तुतीपर कविताही लिहिली.

त्या काळी चहा किती दुर्मीळ असावा? १६६४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी राजाला भेट म्हणून चहा दिला तो अवघा २ पौंड २ औंस. कंपनीने स्वतः मागवलेला पहिला चहा १६६९ मध्ये जावा बेटावरील बँटमहून आला, तोही दीडशे पौंडांच्या आतच.

याउलट त्याच शतकात सुरतेत काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे.

१६३८ मध्ये जर्मन प्रवासी मांडेल्स्लो सुरतेच्या इंग्रज वखारीत राहिला. तेथील रोजच्या बैठकींत चहाच घेतला जाई आणि तो स्थानिकांत, डचांत, इंग्रजांत सर्वत्र रूढ आहे, असे त्याने लिहिले. म्हणजे लंडनमध्ये चहा विक्रीला येण्याच्या सुमारे वीस वर्षे आधी सुरतेतला इंग्रज कारकून रोज चहा पीत होता! पुढे १६८९ मध्ये जॉन ओव्हिंग्टन हा धर्मोपदेशक मुंबईमार्गे सुरतेस आला. त्याच्या वर्णनात डचांची चहाची किटली विस्तवावरून क्वचितच उतरते. आणि गरम मसाले पाण्यात उकळून केलेला चहा डोकेदुखी, पोटशूळ अशा विकारांवर गुणकारी मानला जातो. खडीसाखर घालूनही तो घेतला जाई. ओव्हिंग्टनला या पेयाचा असा काही नाद लागला, की मायदेशी परतल्यावर १६९९ मध्ये त्याने चहाच्या गुणधर्मांवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली आणि तीत चहाचे प्रकार कसे ओळखावेत, हेही सांगितले.

मसाला घालून उकळलेला चहा सुरतेत सतराव्या शतकात होता, यावरून आजच्या मसाला चहाची परंपरा थेट तिथपर्यंत नेण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. मधल्या दोन शतकांत हिंदुस्थानच्या बहुसंख्य घरांत चहा नव्हताच. सुरतेला चहा मिळे तो ती चीनच्या सागरी व्यापाराच्या वाटेवर होती म्हणून. चांगला चहा कुणाला मिळावा, हे तो कुठे पिकतो यावरून ठरत नसे. जहाजे कुठे थांबतात यावरून ठरे.

आणि जो त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला बसला होता, त्याची फसवणूकही होत असे. १८४८ मध्ये कंपनीने रॉबर्ट फॉर्च्युन या वनस्पतिशास्त्रज्ञाला चहाची रोपे आणि बियाणे मिळवण्यासाठी चीनमध्ये पाठवले. चिनी वेष करून तो आतल्या प्रदेशात शिरला. एका कारखान्यात कामगार हिरव्या चहाला प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम चोळत होते. त्यांचे हात निळे झाले होते. १०० पौंड रंगीत चहामागे ग्राहकाच्या पोटात अर्ध्या पौंडाहून अधिक रंग जातो, असा त्याने हिशेब मांडला. कारागिरांना विचारले असता उत्तर मिळाले ते असे: परदेशी लोकांना चहा असाच दिसायला आवडतो. स्वतः चिनी मात्र असा चहा पीत नसत.

आसामचा चहा या व्यापारात उतरला तो याच सुमारास. सिंगफो लोक तेथे पूर्वीपासून चहा पीत होते. इंग्रजांनी ‘शोध लावला’ तो १८२३ नंतर. १० जानेवारी १८३९ रोजी लंडनमध्ये आसाम चहाच्या आठ पेट्यांचा लिलाव झाला. पन्नासेक वर्षांतच ब्रिटनमध्ये भारतीय चहाची आवक चिनी चहाच्या पुढे गेली. लंडनच्या मिन्सिंग लेनमधील दलाल चहा चाखत, दर्जा ठरवत, भाव काढत. उत्तम पान पेट्यांत भरून जहाजावर चढे. चाळणीतून खाली पडणारी बारीक कणी आणि धूळ मात्र कमी भावात जाई. व्यापारी परिभाषेत तिला आजही ‘डस्ट’ म्हणतात.

हिंदी माणसाला चहा पाजण्याचा विचार मळेवाल्यांना सुचला तो बराच उशिरा. १९०३ मध्ये निर्यातीवर उपकर बसवून प्रचाराचा निधी उभारण्यात आला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, खाणी आणि कापडगिरण्यांत चहाचे ठेले लागले. १९३० च्या मंदीत जगभर चहाचे भाव कोसळले, निर्यातीवर मर्यादा आल्या, तेव्हा तर देशी बाजारपेठ ही गरजच झाली. रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा हे देशी भाषांतून सांगणारे पत्र्याचे फलक झळकले. त्यांतली कृती इंग्रजी होती: पाणी उकळावे, ते पानांवर ओतावे, थोडा वेळ मुरू द्यावे, दूध-साखर वेगळी घ्यावी.

लोकांनी ती कृती वाचली आणि सगळे एकत्र उकळले.

यात अडाणीपणा नव्हता, हिशेब होता. कणीचा चहा उकळला की थोडक्यात रंग आणि कडकपणा उतरतो. दूध आणि साखर घातली की तेच पेय श्रमणाऱ्या माणसाचा अर्धा नाश्ता होते. आले, वेलची, गवती चहा ही ज्याची त्याची भर. प्रचारकांना हा प्रकार पसंत नव्हता. पण पुण्याची अमृततुल्ये आणि मुंबईची इराणी हॉटेले प्रचारकांना विचारून चालत नव्हती.

या चवीला तिचे यंत्रही लवकरच मिळाले. १९३० च्या सुमारास आसामच्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर याने नवी पद्धत काढली. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दातेरी रुळांमधून पान जाते. ते चिरडले जाते, फाटते आणि त्याची गोळीदार कणी होते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सीटीसी म्हणतात. ही कणी झटपट उतरते, दुधाला पुरून उरते आणि एका किलोत कितीतरी अधिक पेले देते. स्वातंत्र्यानंतर देशी बाजारपेठ वाढली तशी ती सर्वत्र पसरली; आज भारतात होणाऱ्या चहाचा फार मोठा वाटा सीटीसीचाच असतो. मराठी घरांत ‘चहाची पूड’ किंवा ‘चहा पावडर’ हे शब्द रुळले आहेत, पानाचे नाव क्वचितच निघते. भाषेने बाजाराची नोंद अचूक ठेवली आहे.

म्हणूनच लंडनला शिकायला वा नोकरीला गेलेल्या मराठी माणसाची तक्रार ऐकताना हा इतिहास आठवावा. उंची दुकानात दार्जिलिंगचे अख्खे पान मिळते. ज्या पानासाठी एकेकाळी सारी निर्यात चालली, तेच ते. तो ते विकत आणतो, सवयीने दुधात उकळतो, आणि हाती लागते ते फिके, तुरट पाणी. दोष पानाचा नसतो. ते उकळण्यासाठी नव्हतेच. लंडनच्या जड पाण्याचाही यात हात आहे: त्यातल्या चुन्यामुळे चहावर साय धरल्यासारखा पातळ तवंग येतो आणि रंगही मळकट दिसतो.

त्याला हवा असलेला चहा मात्र त्याच शहरात, कोणत्याही किराणा दुकानाच्या खालच्या फळीवर, स्वस्तात पडलेला असतो. टेटली कंपनीने १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये चहाची पिशवी आणली. पिशवीत अख्खे पान नीट उतरत नाही. तिला बारीक, झटपट उतरणारी कणी लागते. त्यामुळे जी कणी हिंदी ठेल्यांना पुरली, तीच इंग्रजांच्या स्वयंपाकघरात शिरली. आज त्या पिशव्यांत आसामबरोबरच केनियाचा सीटीसी मोठ्या प्रमाणात असतो. २९ जून १९९८ रोजी लंडनचा चहा लिलाव कायमचा बंद झाला, तेव्हा मोम्बासाचा लिलाव जवळपास तीन दशकांचा झाला होता.

तेव्हा विलायतेत घरासारखा चहा हवा असेल, तर सुबक डब्यांकडे पाहण्याचे कारण नाही. कडक म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन पिशव्या कात्रीने फाडाव्यात आणि आतली पूड थेट उकळत्या पाण्यात टाकावी. आले मात्र वेगळे आणावे लागते.