दोहातली ०-० बरोबरी : कतारला गुण सोडावे लागले तो एकमेव सामना

भारतीय फुटबॉलची चर्चा निघाली की '१० सप्टेंबरची दोहातली मॅच' हा उल्लेख हमखास येतो. २०१९ साली विश्वचषक पात्रता फेरीत भारताने कतारला त्यांच्याच जासिम बिन हमद स्टेडियमवर ०-० असं रोखलं. स्कोअर बघून कुणी म्हणेल, एकही गोल नाही, मग एवढं काय? पण समोर कोण होतं ते आधी बघायला हवं.

त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अबुधाबीत जपानला ३-१ असं हरवून कतार आशियाचा विजेता झाला होता. त्या स्पर्धेतल्या ७ सामन्यांत त्यांनी १९ गोल केले आणि खाल्ला फक्त एक, तोही फायनलमध्ये. एकट्या अल्मोएझ अलीचे ९ गोल. फिफा क्रमवारीत कतार ६२ वा, भारत १०३ वा. पात्रता फेरीची सुरुवातही कतारने अफगाणिस्तानला ६-० धुऊन केली होती. (२०२२ च्या विश्वचषकाचा यजमान म्हणून कतारची जागा पक्कीच होती. तरी ते खेळत होते, कारण हीच फेरी पुढच्या आशिया कपसाठीही मोजली जात होती.)

भारताची अवस्था बरोबर उलटी. पाच दिवसांपूर्वी गुवाहाटीत ओमानविरुद्ध सुनील छेत्रीच्या गोलने आघाडी मिळाली, ती शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाऊन घालवली. आणि दोहात छेत्रीच तापाने आजारी! नवे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना येऊन जेमतेम चार महिने झालेले. किती गोलने हरणार, एवढाच प्रश्न बाकी होता.

आपल्या भागासाठी त्या रात्रीची संघयादी जपून ठेवण्यासारखी आहे. संदेश झिंगन सोडला तर बचावफळीतले तिघे गोवा-मुंबईचे. उजवीकडे मुंबईचा राहुल भेके, मध्ये गोव्याचा आदिल खान, डावीकडे गोव्याचाच मंदार राव देसाई. त्यांच्या पुढे मिडफिल्डमध्ये रॉलिन बोर्जेस, तोही गोंयकार. गंमत म्हणजे आदिल हा मुळात मिडफिल्डर आणि मंदार विंगर, दोघेही नंतर बचावात आलेले. भेकेचं नाव तर गोव्यात तेव्हा फारसं प्रेमाने घेतलं जात नव्हतं. मार्चमधल्या आयएसएल फायनलमध्ये बेंगळुरूसाठी ११७ व्या मिनिटाला हेडर मारून एफसी गोवाचं विजेतेपद त्यानेच हिसकावलं होतं. त्या फायनलमध्ये मंदार समोरच्या बाजूला होता. दोहात दोघे एकाच फळीत.

सामना जवळपास एकतर्फी होता. कतारचे फटके सुरूच होते आणि गुरप्रीतसिंग संधू अडवतच होता. छेत्रीच्या जागी कर्णधार तोच. नॉर्वेत स्टाबेककडून खेळलेला, युरोपा लीगमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्याने त्या रात्री ११ फटके वाचवले. पण सगळं श्रेय एकट्या गोलरक्षकाला देणं बरोबर नाही. बचावफळी बॉक्समधून हलली नाही, आडवं पडून फटके अडवले. आणि भारत नुसता बचावच करत राहिला असंही नाही. उत्तरार्धात उदांता सिंगचा फटका थोडक्यात बाहेर गेला, नाहीतर दोहात वेगळाच इतिहास झाला असता.

या एका गुणाची किंमत २०२१ मध्ये फेरी संपल्यावर कळली. कतारचे ८ सामने, ७ विजय, १ बरोबरी, २४ पैकी २२ गुण. ती एकमेव बरोबरी भारताबरोबरची.

आता दुसरी बाजू. १५ ऑक्टोबरला कोलकात्यात बांगलादेश आला, क्रमवारीत १८७ वा. या वेळी फेव्हरिट आपण, स्टेडियम आपलं, गर्दी आपली. पण फ्री-किकवर गुरप्रीतचा अंदाज चुकला आणि गोल बसला. ८८ व्या मिनिटाला आदिल खानच्या हेडरने अब्रू वाचली, १-१. पुढे अफगाणिस्तानविरुद्धही १-१, तीही भरपाई वेळेतल्या गोलमुळे. बलाढ्य संघासमोर भिंत उभारणं आपल्याला जमलं, कमकुवत संघाची भिंत फोडणं जमलं नाही. भारत शेवटी ७ गुणांसह गटात तिसरा राहिला. माझ्या मते आपण घसरलो ते या दोन सामन्यांत, कतारसमोर नव्हे.

कतारशी गाठी नंतरही पडल्या. जून २०२१ मध्ये त्याच मैदानावर भेकेला १७ व्या मिनिटालाच दुसरं पिवळं कार्ड मिळालं. दहा जणांनी झुंजूनही ०-१ हार. नोव्हेंबर २०२३ मध्ये भुवनेश्वरात ०-३. मग ११ जून २०२४. छेत्री पाच दिवसांपूर्वीच निवृत्त झालेला, कर्णधार पुन्हा गुरप्रीत, स्टेडियम पुन्हा जासिम बिन हमद. छांगतेच्या गोलने भारत पुढे होता. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर जाऊनही तो आत ओढून मारलेला गोल पंचांनी दिला. व्हीएआर या फेरीत नव्हतं. ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल बसला, भारत १-२ हरला आणि पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचा दरवाजा बंद झाला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली, निकाल मात्र तोच राहिला.