कल्याण जंक्शनवरची तपासणी

मुंबईहून निघालेली रेल्वे कल्याणला फुटते; एक फाटा कसाऱ्यावरून नाशिकला, दुसरा कर्जतवरून पुण्याला. प्लेगच्या साथीत उतारूंना अडवायला सरकारने कल्याण निवडलं ते त्यामुळेच. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि मिळेल त्या गाडीने मुंबई गावाकडे पळू लागली.

गाडी थांबली की तपासणी. ताप आहे का, काखेत-जांघेत गाठ आहे का, हे हात लावून बघायचं. मी पालिकेची परिचारिका म्हणून चाळीचाळींतून फिरले आहे, त्यामुळे त्या फलाटावरची बाई मला अगदी समोर दिसते. सासऱ्यासमोर जिचा डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, तिच्या काखेत परका माणूस हात घालणार. आम्हाला बाई डॉक्टरच हवी, ही मागणी तेव्हा जोरात झाली आणि पुढे सरकारला बायका नेमाव्याही लागल्या. लोक दुखणं लपवत ते अडाणी म्हणून नव्हे. अब्रू जाईल, माणूस नेला तर परत दिसणार नाही, ही धास्ती होती.

फेब्रुवारी १८९७चा साथरोग कायदा जेमतेम चार कलमांचा. चौथं कलम सद्हेतूने अंमलबजावणी करणाऱ्याला खटल्यापासून वाचवतं. रुग्णाच्या हक्काचं कलमच नाही. पुण्यात गोरे सोजीर झडतीसाठी देवघरापर्यंत घुसले. त्याचा संताप २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवरच्या गोळीबारात फुटला. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांना मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात पोचवत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या. माझ्या लेखी साथ हाताळण्याचा धडा तिथे आहे.

मार्च २०२०मध्ये कोविडच्या साथीत हाच कायदा पुन्हा लागू झाला. घरी विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्के बसले. डोंबिवलीत एका घरी मी नोंद घेत होते. बाई म्हणाली, तिघंच आहोत. मागे ओट्यावर ताटं चार होती. मी कागद पिशवीत टाकला, दाराबाहेरच बसले, लेकीच्या शाळेची चौकशी केली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सिस्टर, ह्यांना ताप आहे. पण गाडी बिल्डिंगखाली नका आणू." गाडी नाक्यावर थांबवली, तो मास्क लावून चालत आला. तरी संध्याकाळपर्यंत त्याचं नाव, मजला, खोली सगळं मोबाइलवर फिरलं. आठवडाभर त्या घरी दूधवालाही गेला नाही.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्याला गंभीर दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आली. ती यायलाच हवी होती. रुग्णाचं नाव चव्हाट्यावर आणणाऱ्याबद्दल मात्र त्या दुरुस्तीत एक ओळ नाही. ती ओळ मला हवी आहे.