बर्गर किंग खटला, पुणे

व्यापारचिन्हाच्या हक्कासाठी अमेरिकेतील बर्गर किंग कॉर्पोरेशनने पुण्यातील ‘बर्गर किंग’ या उपाहारगृहाविरुद्ध 2011 मध्ये गुदरलेला दावा. पुण्याचे दुकान 1992 पासूनचे, कॅम्प-कोरेगाव पार्क भागातले. कंपनी 1954 ची खरी. पण भारतात तिने पहिले रेस्टॉरंट उघडले 2014 मध्ये, म्हणजे दावा लावून तीन वर्षे झाल्यावर.

जिल्हा न्यायाधीश सुनील वेदपाठक यांनी 16 जुलै 2024 रोजी दावा फेटाळला. पुण्यातील वापर आधीचा आहे आणि ग्राहकांची फसगत झाल्याचे कंपनीने सिद्ध केलेले नाही, असे निकालात म्हटले आहे. कंपनीची 20 लाखांची भरपाईची मागणी नामंजूर झाली; मनस्तापापोटी तेवढीच रक्कम मागणाऱ्या दुकानदारांच्याही हाती काही लागले नाही, कारण पुरावा केवळ तोंडी होता.

अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये दुकानाला नाव वापरण्यास तात्पुरती मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2025 रोजी त्या मनाईला स्थगिती दिली.

वादाची नस व्यापारचिन्ह कायदा, 1999 च्या कलम 34 मध्ये आहे. नोंदणीधारकाच्या वापराआधी आणि त्याच्या नोंदणीआधीही जो सातत्याने नाव वापरत आला, त्याला हे कलम संरक्षण देते. परदेशातला बोलबाला इथे कितपत मोजायचा? टोयोटाच्या ‘प्रियस’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये उत्तर दिले : भारतातल्या ग्राहकांत नाव आधीपासून रुजले होते, हे दाखवावे लागते.

याच कंपनीचा जुना खटला अधिक मनोरंजक आहे. इलिनॉयमधील मॅटून गावात एका कुटुंबाचे याच नावाचे दुकान होते. 1968 मध्ये अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने त्या कुटुंबाला मॅटूनभोवतीचा वीस मैलांचा टापू राखून दिला आणि उरलेले राज्य कंपनीला. आपल्या भागाशी तुलना करायची, तर कर्जत-खोपोली लोहमार्ग जेमतेम 15 किलोमीटरचा. म्हणजे असे वर्तुळ कर्जतभोवती आखले, तर खोपोलीही त्यात मावेल. कलम 34 मध्ये मात्र मैलांचे असे माप नाही.

स्थानिक संदर्भ : कर्जत स्थानकावरचा दिवाडकरांचा वडा आणि खोपोलीचा रमाकांत वडापाव ही तालुक्याबाहेर गाजलेली नावे. असे नाव नोंदणीकृत असेल, तर त्याच्या उल्लंघनाचा दावा व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम 134 नुसार जिल्हा न्यायालयाच्या खालच्या कोर्टात चालत नाही. म्हणजे कर्जत-खालापूरच्या तालुका न्यायालयांत तो दाखल होत नाही.